'पीसी चालू होईना गेलाय!' म्हणजे नेमकं काय?

सोलापुरात कुठल्याही कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात अर्धा तास उभे राहा. एक वाक्य हमखास कानावर पडेल, "पीसी चालू होईना गेलाय." काउंटरच्या आतून प्रश्न येतो, "म्हणजे काय होतंय?" उत्तर येतं, "काही नाही हो, चालूच होईना." झालं, तपासणी संपली. डबा टेबलावर चढतो आणि पुढचं सगळं मेकॅनिकच्या हातात जातं. तो 'फॉर्मॅट मारावं लागेल' म्हणाला तर आपण मान डोलावतो. 'बोर्ड गेलाय' म्हणाला तरी मान डोलावतो.

वाईट हे, की 'चालू होईना' या एवढ्याशा तक्रारीत चार-पाच वेगवेगळे आजार लपलेले असतात. एखादा आजार पिन नीट बसवली की बरा होतो. एखाद्याला खोडरबर पुरतं. एखाद्यात मात्र खरंच हजारोंचा पार्ट जातो. हे सगळं परीक्षेच्या तोंडावरच का होतं, असं वाटत असेल तर त्यालाही कारण आहे. आपल्या सबमिशनचे दिवस आणि सोलापूरचा उन्हाळा एकाच वेळी येतात.

आणि घरातला पीसी एकट्या तुमचा असतो कुठे? त्यात पप्पांच्या दुकानाचं टॅली असतं, ताईच्या लग्नाचे फोटो असतात, धाकट्याच्या स्कॉलरशिपची स्कॅन केलेली कागदपत्रं असतात आणि डेस्कटॉपवर 'फायनल', 'फायनल २', 'एकदम फायनल' या नावांनी तुमचा प्रोजेक्ट असतो. डबा नवा घेता येतो. हे बाकीचं कुठल्याच दुकानात विकत मिळत नाही. त्यामुळे या लेखात दोनच गोष्टी बघायच्या आहेत. गाडी कुठे अडली ते कसं ओळखायचं, आणि दुरुस्तीच्या घाईत डेटा कसा घालवायचा नाही.

गाडी कुठे अडली?

सिद्धेश्वर एक्स्प्रेस मुंबईला पोचली नाही तर आपण पहिल्यांदा काय विचारतो? कुठे थांबलीय, कुर्डुवाडीला का दौंडला? इथेही तोच प्रश्न विचारायचा.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत कॉम्प्युटर ठरलेल्या स्टेशनांवरून जातो. आधी एसएमपीएस, म्हणजे डब्यातली ती पंखेवाली पेटी, घरातला २३० व्होल्टचा करंट घेऊन त्याचा १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा सौम्य करंट करते आणि 'सगळं ठीक आहे' असा सिग्नल बोर्डाला देते. मग प्रोसेसर जागा होतो. तो बोर्डावरच्या चिपमधला बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम वाचतो. हा प्रोग्रॅम रॅम आहे का, डिस्प्ले आहे का याची हजेरी घेतो. हजेरी पूर्ण झाली की कंपनीचं नाव स्क्रीनवर येतं. त्यानंतर डिस्क शोधली जाते आणि सगळ्यात शेवटी कारभार विंडोजकडे जातो.

हा क्रम डोक्यात असला की अर्धं काम झालं. पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी आहे, म्हणजे विंडोजचा अजून संबंधच आलेला नाही. अशा वेळी कुणी 'विंडोज उडालंय, फॉर्मॅट मारतो' म्हणालं तर 'कशावरून?' असं सरळ विचारा. उलट विंडोजचा लोगो येऊन गोल गोल फिरत असेल, तर करंट, रॅम आणि डिस्प्लेची निदान पहिली हजेरी लागली आहे असं समजा.

(जाता जाता: आपण ज्याला 'सीपीयू' म्हणतो तो डबा म्हणजे कॅबिनेट. सीपीयू म्हणजे आतला चौकोनी प्रोसेसर. दुकानात 'सीपीयू बिघडलाय' असं सांगितलंत तर घोळ व्हायची शक्यता आहे.)

लाइटच नाही, पंखाही नाही

इथे हसू नका, पण सुरुवात बोर्डापासूनच करायची. त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा. एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवा आणि पिन थेट भिंतीत लावा. डब्याच्या मागे एसएमपीएसवर एक छोटं बटण असतं. झाडू मारताना किंवा डबा सरकवताना ते बंद होतं आणि घरभर शोककळा पसरते. ज्या केबलने डब्याला करंट मिळतो, बहुतेक मॉनिटरना तीच केबल चालते. दोघांची अदलाबदल करून बघा, केबल खराब असेल तर लगेच कळेल.

मग पिन काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, सोडा, पिन परत लावा आणि चालू करा. ऐकायला हा बाबा-बुवांचा तोडगा वाटतो, पण बोर्डात साठून राहिलेला चार्ज यामुळे निघून जातो आणि अडकलेला बोर्ड पुष्कळदा सुटतो.

तरीही काही नाही? मग पॉवरच्या बटणावरही संशय घ्या. वर्षानुवर्षं दाबून ते झिजतं. बटणापासून निघालेल्या दोन बारीक वायरी बोर्डावर जातात. शेजारीच रीसेटच्या बटणाच्या तशाच दोन वायरी असतात. पिन काढून रीसेटचं टोक पॉवरच्या जागी लावलं की रीसेटचं बटणच पॉवरचं काम करतं. कोणत्या पिना कशाच्या ते बोर्डावरच बारीक अक्षरांत छापलेलं असतं. मोबाइलचा टॉर्च मारून वाचा.

एवढ्यावर भागलं नाही तर एसएमपीएसवर बोट ठेवायला हरकत नाही. पण फक्त बोलण्यात! ती पेटी स्वतः उघडायची नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास चार्ज असतो आणि पिन काढल्यावरही तो काही काळ टिकतो. हिरवी आणि काळी वायर जोडून टेस्ट करायचे व्हिडिओ भरपूर आहेत. मला विचाराल तर पहिल्यांदाच डबा उघडणाऱ्याने त्यांच्या नादाला लागू नये. दुकानात दुसरा एसएमपीएस जोडून बघायला पाच-दहा मिनिटं लागतात. जुना एसएमपीएस असेल तर मागे ११५ आणि २३० असं लिहिलेला लाल स्विच दिसेल. तो २३० वरच हवा. ११५ वर करून आपल्याकडच्या करंटला लावला तर एसएमपीएस जळतो. लहान भावंडांना हा लाल रंग भारी आवडतो.

आणखी एक. डब्याच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात का? 'थोडासा शॉक बसतो, चालतंय की' असं म्हणून सोडून देऊ नका. बहुतेक वेळा घरातल्या सॉकेटला अर्थिंग नसतं. हे काम कॉम्प्युटरवाल्याचं नाही, वायरमनचं आहे.

पंखा फिरतो, स्क्रीन काळी

सगळ्यात जास्त घबराट इथेच होते, आणि घरी सुटण्यासारखे सगळ्यात जास्त प्रकारही इथेच सापडतात.

आधी मॉनिटरची बाजू ऐका. 'नो सिग्नल' असं तो लिहून दाखवत असेल तर मॉनिटर जिवंत आहे, त्याला चित्र पाठवणारं कुणी नाही. केबल दोन्हीकडून काढून परत घट्ट लावा. डब्यात वेगळं ग्राफिक कार्ड असेल तर केबल त्याच्याच पोर्टला हवी. बोर्डाच्या पोर्टला लावून 'डिस्प्ले गेला' म्हणत बसणारे कमी नाहीत.

मग रॅम. खोडरबरचा उपाय कुणी चेष्टेने सांगत असेल तर चेष्टा समजू नका. तो खरा आहे. रॅमच्या पट्टीला खाली सोनेरी दात असतात. धूळ आणि दमटपणाने त्यांच्यावर थर चढतो, संपर्क तुटतो आणि हजेरीत रॅम गैरहजर पडते. भिंतीतली पिन काढा. पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेला चार्ज जाऊ द्या. डब्याची बाजूची झडप उघडा आणि आधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावर स्टॅटिक चार्ज साठतो. आपल्याला तो जाणवतही नाही, पण चिप मरू शकते. दोन्ही बाजूंच्या क्लिपा दाबून पट्टी काढा. पांढऱ्या मऊ खोडरबरने दात हलक्या हाताने पुसा आणि कण कोरड्या ब्रशने झटका. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ तिथेच बसते. पट्टी परत लावताना 'टक' असा आवाज येईपर्यंत दाबा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. एकीवर चालू झाला आणि दुसरीवर नाही, तर गुन्हेगार कोण ते कळलंच.

डब्यातून बीप येत असतील तर ते मोजून कागदावर लिहा. लांब-लांब, पुन्हा पुन्हा येणारे बीप बऱ्याच बोर्डांवर रॅमची तक्रार सांगतात, पण ही भाषा कंपनीगणिक बदलते. म्हणून बोर्डाचं मॉडेल बघून अर्थ शोधा. नव्या बोर्डांवर बीपऐवजी चार छोटे दिवे असतात: प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले आणि बूट. जो पेटून राहतो, तिथे गाडी अडली.

चालू होतो, पाच मिनिटांत बंद

ही आपली खास सोलापुरी तक्रार. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश असतात. पत्र्याखालची किंवा गच्चीखालची खोली संध्याकाळीही भट्टीसारखी असते, आणि पीसी ठेवलेला असतो टेबलाच्या खणात, भिंतीला चिकटून. प्रोसेसरचं तापमान १०० अंशांच्या आसपास गेलं की तो स्वतःला वाचवायला मशिन बंद करतो. म्हणजे हा बिघाड कमी आणि आत्मसंरक्षण जास्त.

त्यात शहराच्या पूर्व भागात राहत असाल, तर पंख्याखालची हीटसिंक एकदा बघाच. घराशेजारी किंवा घरातच यंत्रमाग असेल तर हवेत सुताचे बारीक तंतू उडत असतात. पंखा ते ओढून घेतो आणि हीटसिंकच्या फटींत गच्च बसवतो. चादरीच्या गावातला पीसी चादर पांघरून बसतो म्हणा ना! मऊ ब्रशने हळूहळू तो थर काढा आणि साफ करताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. साफ करूनही तापत असेल तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळलेली असते. ती दुकानातून बदलून घ्या. डबा खणातून बाहेर काढा, मागे वीतभर मोकळी जागा सोडा. याला एक रुपया लागत नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी वळवाचा पाऊस येतो तेव्हा दुसरी गंमत. वारं सुटतं, लाइट जाते, येते, परत जाते. लाइट परत येताना व्होल्टेज उसळू शकतं आणि त्याचा मार एसएमपीएसला बसतो. ढग काळे झाले की पिन काढून ठेवायची, बास. पैसे खर्च करायचेच असतील तर छोटा यूपीएस घ्या. स्टॅबिलायझर फ्रिजसाठी ठीक आहे, पण लाइट गेल्यावर तो काहीच करू शकत नाही. विंडोज फाइल लिहीत असताना लाइट जाणं हेच तर पुढच्या आजाराचं एक मोठं कारण आहे.

कंपनीचं नाव येतं, पुढे काही नाही

'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा तशाच अर्थाची ओळ आली तर पहिल्यांदा पेनड्राइव्ह काढा. झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला पेनड्राइव्ह लावलेलाच राहिला, तर कॉम्प्युटर त्यातच विंडोज शोधत बसू शकतो. मग पिन काढून डिस्कच्या दोन्ही केबल परत घट्ट बसवा.

घड्याळही बघा. तारीख प्रत्येक वेळी अनेक वर्षं मागे जात असेल तर बोर्डावरचा बटणाएवढा सेल संपलाय. त्याचं नाव सीआर २०३२, तीन व्होल्टचा. घड्याळवाल्याकडेसुद्धा मिळतो. सेल संपला की बायोस सेटिंग विसरतो आणि कधी कधी कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं तेही विसरतो. पीसी चालू होतोय पण प्रत्येक वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणतेय, तरी आधी तारीखच तपासा.

डिस्कमधून टक-टक-टक असा आवाज येतोय? मग लगेच बंद करा. 'अजून एकदा बघू' म्हणून पुन्हा पुन्हा चालू करू नका. प्रत्येक वेळी डेटा वाचायची शक्यता कमी होत जाते.

विंडोज अडकलंय? थांबा, फॉर्मॅट नको

१९ जुलै २०२४ आठवतोय? शुक्रवार होता. जगभर कॉम्प्युटर निळी स्क्रीन दाखवून पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत होते. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्याचे फोटो तुम्हीही स्टेटसला ठेवले असतील. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरच्या एका अपडेटमध्ये चूक होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख मशिन आडव्या झाल्या. त्या फॉर्मॅट कराव्या लागल्या का? नाही. मशिन सेफ मोडमध्ये सुरू करायची, चुकलेली फाइल उडवायची आणि रीस्टार्ट करायचं, हा त्यावरचा मुख्य उपाय होता. एकेका मशिनपाशी जाऊन करावा लागला म्हणून वेळ गेला, पण त्यासाठी डेटा पुसायची गरज नव्हती.

तुमच्या घरच्या पीसीलाही हा रस्ता उघडा आहे. विंडोज १० किंवा ११ दोन-तीनदा सुरू होता होता अडकलं, की बहुतेक वेळा आपोआप दुरुस्तीची निळी स्क्रीन येते. त्यात 'स्टार्टअप रिपेअर' आहे, शेवटचं अपडेट काढून टाकायची सोय आहे, आणि सेफ मोडही आहे. याच क्रमाने करून बघा. 'रीसेट धिस पीसी' हा पर्याय सगळ्यात शेवटी. त्यातही 'कीप माय फाइल्स' निवडलंत तर तुमच्या फाइल राहतात, सॉफ्टवेअर मात्र परत टाकावी लागतात.

फॉर्मॅटवर माझा एवढा राग का, तेही सांगते. मेकॅनिकच्या दृष्टीने तो सोपा, खात्रीचा आणि ठरलेल्या वेळात होणारा इलाज आहे. त्याची चूक नाही, दिवसभरात त्याला दहा डबे बघायचे असतात. पण 'सी ड्राइव्ह फक्त उडेल, डी तसाच राहील' हे वाक्य ऐकून निर्धास्त होऊ नका. तुमचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स, सगळं साधारणपणे सी मध्येच असतं. जुन्या हार्ड डिस्कवर फॉर्मॅटनंतरही काही डेटा परत काढता येतो, कारण पटकन केलेल्या फॉर्मॅटमध्ये फक्त यादी पुसली जाते. पण वरून नवं विंडोज टाकलं की तेवढा भाग गेला. एसएसडी असेल तर आशा फारच कमी, कारण पुसलेली जागा ती स्वतःच आतून रिकामी करून टाकते.

मग विंडोज सुरू न होताच डेटा काढायचा कसा? दोन मार्ग आहेत. डिस्क काढून यूएसबीच्या केसमध्ये घालायची आणि मित्राच्या लॅपटॉपला पेनड्राइव्हसारखी लावायची. नाहीतर मित्राकडून पेनड्राइव्हवर उबुंटू घ्यायचं, त्यावरून आपला पीसी सुरू करायचा आणि फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी करायच्या. उबुंटू सुरू होताना 'ट्राय' आणि 'इन्स्टॉल' असे दोन पर्याय देतं. 'ट्राय' घ्या!

नवा लॅपटॉप असेल तर यात एक गाठ आहे. विंडोज ११ अनेकदा डिस्क आपोआप कुलूपबंद करतं. त्याला बिटलॉकर म्हणतात. डिस्क दुसरीकडे लावली किंवा बायोसमध्ये काही बदललं की ते ४८ आकडी किल्ली मागतं. ही किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. पण लॅपटॉप घेताना दुकानदाराने घाईत कुठला ईमेल टाकला होता? तो तुमचा होता का? क्राउडस्ट्राइकच्या वेळी कित्येक कंपन्यांचं कामही या किल्लीपाशी येऊन अडकलं होतं. लॅपटॉप धडधाकट आहे तोवर किल्ली शोधून वहीत लिहून ठेवा. लॅपटॉपच्या मापाने आणखी एक: टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल तर खाली बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जर काढा, वापर थांबवा आणि दाबून बसवायच्या फंदात पडू नका.

दुकानात जाताना

एवढं सगळं करूनही दुकानात जायची वेळ येऊ शकते. बोर्ड खरंच जातात. पण आता तुमचं वाक्य वेगळं असेल. "पंखा फिरतो, तीन लांब बीप येतात, डिस्प्ले नाही, रॅम बदलून बघितली." किंवा "लोगोपर्यंत येतो, काल अपडेट झालं, त्यानंतर अडकतो." अशा गिऱ्हाइकाशी मेकॅनिकही वेगळं बोलतो, बघा. नवी पेठ असो की विजापूर रोड, हा फरक सगळीकडे पडतो.

'विंडोज १० बंद झालं ना, म्हणून तुमचा पीसी चालू होत नाही' असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, म्हणजे नेहमीचे मोफत सिक्युरिटी अपडेट थांबले. सपोर्ट संपला म्हणून मशिन सुरू व्हायची थांबत नाही.

बिघाड एसएमपीएसचा किंवा डिस्प्लेचा आहे असं नक्की वाटत असेल आणि तुम्हाला जमत असेल, तर डिस्क काढून घरी ठेवा आणि डबा तेवढा न्या. न्यावीच लागली तर पावतीवर 'विचारल्याशिवाय फॉर्मॅट करू नये' असं लिहून घ्या आणि खाली तुमचा मोबाइल नंबर टाका. आणि डिस्क बदलली तर जुनी डिस्क मागून घ्या. 'खराब आहे, काय करता तिचं?' असं विचारतील. पिशवीत टाकून घरी आणा. ताईच्या लग्नाचे फोटो अजून तिच्यातच आहेत.